चावीच्या मोअरला हात लावण्याआधी

१९६० च्या दशकातला, चावी भरून सुरू होणारा अमेरिकन मोअर (गवत कापायचं यंत्र) मिळाला म्हणता, फार आनंद झाला! वरची दुमडलेली मूठ उघडून फिरवताना येणारा तो कर्र-कर्र आवाज मला अजून आवडतो.

पण एक नीट ऐका. मूठ फिरवली की आतली पोलादी पट्टीची स्प्रिंग आवळते आणि खटका सोडताच इंजिनाला गरकन फिरवते. पात्यात काही अडकलं असेल तर इंजिन फिरत नाही, ताण मात्र तसाच राहतो. अडकलेलं काढायला बोटं घातलीत तर पातं क्षणात फिरेल. आधी स्पार्क प्लगची वायर काढा. स्प्रिंग सुटली नसेल तर खाली हात घालूच नका, जाणत्या मेकॅनिकला बोलवा. स्टार्टरचा, म्हणजे ती स्प्रिंग असलेला डबाही स्वतः उघडू नका.