सांगून कर

प्रिय मुली,

तुझा मेसेज रात्री साडेअकराला आला आणि माझी झोप उडाली. आजोबांची रॅले विकण्याआधी ती कशी साफ करायची एवढंच विचारलं असतंस तर दोन ओळींत उत्तर देऊन पडलो असतो. तू लिहिलंस, 'काका, हबवर ५६ आहे, पण आजी म्हणते आजोबांनी ती लग्नाच्या वर्षी, १९४८ ला घेतली. गिऱ्हाइकाला ४८ चीच हवी आहे. जुन्या बाजारात त्या काळातला हब मिळतोय. बसवू का?' आणि खाली आणखी एक ओळ, 'कुणाला कळणार आहे?'

ही शेवटची ओळ तुझी नाही, त्या गिऱ्हाइकाची आहे. तुला मी ओळखतो. पण तू ती टाइप केलीस, याचा मला त्रास झाला.

आधी हबचं बोलू. स्टर्मी-आर्चर या इंग्लिश कंपनीच्या तीन गिअरच्या एडब्ल्यू हबवर, म्हणजे मागच्या चाकाच्या मधोमध बसणाऱ्या, पोटात गिअर असलेल्या तुंब्यावर, वर्ष आणि महिना ठोकलेला असतो. हा हब १९३६ पासून निघतोय. तुझ्या हबवर ५६ म्हणजे तो हब १९५६ चा, बस. सायकलचं वय त्याच्यावरून ठरत नाही. रोज सदाशिव पेठेतून खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत जाणारा माणूस. आधी साधी सायकल घेतली असेल, पुढे पगार जरा वाढल्यावर गिअर बसवून घेतला असेल. समोरून वारा असला की पहिला गिअर पाव हिश्शाने हलका पडतो, त्या माणसाला त्याची किंमत कळली असणार. आजीला विचार. जुने फोटो काढ. लग्नानंतरच्या एखाद्या फोटोत सायकल असेल तर हँडलच्या उजव्या बाजूला गिअरचा खटका दिसतो का बघ. नसेल दिसत, तर आजी खरं बोलतेय आणि हबही खरं बोलतोय. जुना हब बसवलास तर आजोबांनी स्वतः पैसे साठवून केलेली गोष्ट तू पुसून टाकशील. तीही सायकल 'ओरिजिनल' करण्याच्या नावाखाली!

मी काही सोवळं पाळणारा नाही. टायर-ट्यूब, ब्रेकची रबरं, चेन, छर्रे, या झिजायच्याच वस्तू, खुशाल बदल. अठ्ठावीस दीडचा टायर आजही मिळतो. सीटचं चामडं फाटलं असेल तर दुसरं चढव. रंगसुद्धा दे, अगदीच गत्यंतर नसेल तर. पण सांगून कर. एका कार्डावर लिही, काय काढलं, काय घातलं, कुठून आणलं, कधी. ते कार्ड सीटमागच्या पिशवीत ठेव. माझ्याकडच्या प्रत्येक सायकलीच्या पिशवीत असं कार्ड आहे आणि लोक मला त्यावरून विक्षिप्त म्हणतात. म्हणोत.

हा हट्ट मला कुठून आला ते सांगतो, म्हणजे म्हातारा उगाच तापतोय असं तुला वाटायला नको.

आमच्या वडिलांची हर्क्युलस होती. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा आम्ही नारायण पेठेत, नदीच्या अंगाला राहत होतो. तिसऱ्या दिवशी सायकल चिखलातून उपसून काढली. वडिलांनी ती खोलली, धुतली, वंगण भरलं आणि पुढे वीस-बावीस वर्षं चालवली. ते गेल्यावर, १९८९ ला, मी ती 'नवी' करायला घेतली. फ्रेम उलटी करून सांधे ठोकत होतो, तर मागच्या आडव्या नळीतून वाळलेला गाळ फरशीवर पडला. मूठभर. राखाडी, पिठासारखा मऊ. मी केरसुणी घेतली आणि झाडून टाकला. मग पॉलिश पेपर घेऊन फ्रेम लोखंडापर्यंत घासली. चेनकव्हरवर वडिलांनी पांढऱ्या रंगाने स्वतःच्या हाताने नाव लिहिलं होतं, शेवटचं अक्षर जागा न पुरल्याने जरा दाबून बसवलेलं. तेही घासलं. सायकलकराचा बिल्ला अडकवायची पट्टी गंजली होती म्हणून कापून टाकली. आठ दिवसांनी चकचकीत काळी सायकल दारात उभी केली. आई बाहेर आली, बघितलं आणि म्हणाली, "कुणाची आणलीस?"

त्यानंतर मी पाण्याने मऊ झालेला रंगसुद्धा खरवडत नाही. गंज काढायचा असेल तर ऑक्झॅलिक आम्लाच्या पातळ पाण्यात भाग बुडवतो, खालचा रंग वाचतो. हातमोजे घाल, ते विष आहे. सीट आणि कुठलंही चामडं त्यापासून लांब ठेव. बाहेर काढल्यावर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात खळबळ, पुसून लगेच तेलाचा हात फिरव, नाहीतर संध्याकाळपर्यंत परत गंज धरेल. आणि पावडर कोटिंगवाल्याचा भाव मला कृपा करून पाठवू नकोस. दांडीवरची ती सोनेरी रेघ बोटभर लांब केसांच्या ब्रशने हातानं ओढलेली आहे. भिंगातून बघ, टोकाला बारीक होत गेलेली दिसेल.

दुसरी गोष्ट मी फारशी कुणाला सांगत नाही. १९९३ ला एक सायकल विकली. फ्रेम आसनसोलच्या सेन-रॅलेची, म्हणजे आपल्याकडे बनलेली, पुढचा बिल्ला इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमच्या रॅलेचा, मी लावलेला. घेणाऱ्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मुलीची फी भरायची होती. भाव मी वाजवीच घेतला, इंग्लिश सायकलीचा लावला नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण तो भला माणूस वर्षानुवर्षं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला नॉटिंगहॅमची म्हणून दाखवत राहिला. माझं खोटं तो माझ्यासाठी बोलत होता, आणि त्याला ते ठाऊकही नव्हतं. पुढे मी जाऊन सांगितलं. त्याने चहा दिला, पण नंतर कधी बोलावलं नाही.

आणि आसनसोलची असण्यात कमीपणा तो कसला? आपल्याच माणसांनी झाळलेल्या, रंगवलेल्या फ्रेमी त्या. आसनसोलची असेल तर आसनसोलची म्हण. ५६ चा हब असेल तर ५६ चा म्हण. हवं ते कर, पण सांगून कर. गिऱ्हाइकाला दोन्ही आकडे सांग, आजीचं म्हणणं सांग, फोटो दाखव. त्यानंतरही घेतली तर ती सायकल त्याच्या घरी नीट राहील. नाही घेतली तर सुटलीस.

तुला पैशांची गरज आहे हे मी विसरलेलो नाही. म्हणून तर एवढं लिहितोय. गरज असते तेव्हाच हात हबकडे जातो, माझाही बिल्ल्याकडे गेला होता.

आता तू पाठवलेल्या दुसऱ्या फोटोबद्दल. पायडलच्या सांध्यातली उजवी वाटी तिरकी बसलीय ना, तिला हात लावू नकोस. रॅलेच्या सांध्याला इंचात २६ आटे असतात, बाकीच्या बहुतेक इंग्लिश सायकलींना २४. कुणीतरी कधीतरी २४ ची वाटी रेटून बसवलीय. शिवाय उजवीकडचे आटे उलटे. तू नेहमीसारखा पाना फिरवशील आणि ती आणखी आवळत नेशील. नाना पेठेतल्या माझ्या ओळखीच्या दुकानात जुन्या वाट्यांचा एक डबा आहे, त्यात २६ ची सापडेल. सापडली की तीही कार्डावर लिहायची.

रविवारी सकाळी ये, आठच्या आत. आजोबांचं नाव लिहिलेलं चेनकव्हर गोणपाटात नको, जुन्या चादरीत गुंडाळून आण. आणि वाटी उघडू तेव्हा खाली वर्तमानपत्र पसरायचं आहे. आतून जे काही पडेल ते मला बघायचं आहे.

तुझा,
काका