चार महिन्यांत एक ओळ नाही, म्हणतेस

चि. मुली, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. संगीत मंडळाची चिटणीस झाल्यापासून चार महिन्यांत स्वरलेखनाच्या कागदावर एक ओळ उमटली नाही, सगळा दिवस सभागृहाच्या तारखा जुळवण्यात आणि अनुदानाचे अर्ज भरण्यात जातो, तर राजीनामा देऊ का, असं विचारतेस. हो किंवा नाही लिहून मोकळी झाले असते. पण ऑस्लोत राहून हा प्रश्न विचारतेस आणि संगीतकार पाउलिने हॉलचं नाव पत्रात नाही, म्हणून जरा लांबून येते.

ही बाई 1890 सालची, म्योसा सरोवराकाठच्या हामार गावची. राजधानीत पियानो शिकली, काथारिनुस एलिंग यांच्याकडे रचनाशास्त्र शिकली, मग पॅरिस आणि ड्रेस्डेनला जाऊन आली. नॉर्वेचा सर्वांत मोठा संगीतकार ग्रीग जाऊन तेव्हा जेमतेम पाच-सात वर्षं झाली होती आणि नॉर्वेतल्या प्रत्येक नव्या संगीतकाराला त्याच्याच मापानं मोजलं जायचं. लोकधून घ्या, डोंगरदऱ्या आठवा, म्हणजे तुम्ही नॉर्वेजियन. हिचा कान मात्र फ्रेंच वळणाचा झालेला. 1929 ची तिची ‘व्हर्लेन सुइट’ (सुइट म्हणजे छोट्या रचनांची माला) ऐक, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

पण मला महत्त्वाची वाटतात ती बर्लिनची वर्षं. 1926 ते 1932 ती दागब्लाद या वृत्तपत्रासाठी तिथून संगीत आणि नाटकांवर लिहीत होती. त्या काळातलं बर्लिन! आज इथे नवा ऑपेरा, उद्या तिथे आणखी काही. सहा वर्षं असं ऐकून ती ऑस्लोला परतली, तर यातलं फारसं काहीच इथे वाजत नव्हतं. आता कान तयार झालेल्या माणसानं करायचं काय? तिनं आधी पाच आवाजांचा एक गायनगट चालवला, दागब्लादमध्ये परीक्षणं लिहू लागली आणि 1938 मध्ये ‘नी मुसिक’ उभी केली. नावाचा अर्थ साधाच, नवं संगीत. 1922 मध्ये साल्झबुर्गला जी समकालीन संगीताची आंतरराष्ट्रीय संस्था निघाली होती, तिची ही नॉर्वेतली शाखा.

इथे थोडी थांब. तिनं संस्था काढली ती समाजसेवा म्हणून, असं मला कधीच वाटलं नाही. जे संगीत तिला ऐकायचं होतं, ते दुसरं कुणी वाजवणार नव्हतं. ग्रीगचीही गोष्ट तीच. 1898 मध्ये बर्गनला नॉर्वेजियन संगीताचा महोत्सव ठरला, तेव्हा त्यानं हट्टानं ॲमस्टरडॅमचा कॉन्सर्टगेबाऊ वाद्यवृंद आणवला. आपल्याच महोत्सवात परका वाद्यवृंद कशाला, म्हणून लोक चिडले. त्याला आपलं संगीत एकदा धड वाजलेलं ऐकायचं होतं, बस.

तेव्हा तुझ्या वहीत गेल्या सहा कार्यक्रमांची यादी काढ. त्यातल्या किती रचना तुला स्वतःला ऐकायच्या होत्या? एखादीही नसेल, तर राजीनामा आजच लिही, मला विचारू नकोस. तीन-चार असतील, तर मग बोलू.

नॉर्वेवर जर्मन लष्करी ताब्याचा काळ आला, 1942 मध्ये तिचं परीक्षणाचं कामही थांबलं. तिचं सुषिर वाद्यांचं पंचक, म्हणजे फुंकून वाजवायच्या पाच वाद्यांसाठीची रचना, 1945 चं आहे. मला ते फार आवडतं, एकही सूर फुकट खर्चलेला नाही. आणि 1953 मध्ये आंतरराष्ट्रीय संस्थेचा वार्षिक महोत्सव तिनं ऑस्लोत भरवला. म्हणजे काय, ते तुला आता चांगलं कळेल. देशोदेशीच्या शाखा स्वरलिप्या पाठवतात, परीक्षक मंडळ निवडतं, आणि निवडलेलं सगळं वाजवण्याची जबाबदारी यजमान शहरावर येते. कुणाला कधी न पाहिलेलं तालवाद्य हवं असतं, कुणाचे पार्ट, म्हणजे एकेका वादकासाठी लिहिलेले सुटे कागद, वाचता येत नाहीत, कुणाला तालमी जास्त लागतात. ऑस्लोला तेव्हा धड संगीतगृहही नव्हतं. ते 1977 मध्ये झालं. तोवर शहराचा मोठा वाद्यवृंद विद्यापीठाच्या आउलात, म्हणजे सभागृहात, भिंतीवरच्या चित्रकार मुंकच्या त्या सूर्यासमोर वाजवायचा. आणि तू ज्याच्या अर्जावर वैतागतेस ते अनुदान देणारं नॉर्वेचं सांस्कृतिक मंडळ 1965 चं. पाउलिनेनं ‘नी मुसिक’चं अध्यक्षपद सोडून तोवर चार वर्षं झाली होती.

माझी फजितीही ऐक, हसायला हरकत नाही. पहिल्यांदा कार्यक्रम लावला तेव्हा पार्ट पोचलेत ना, हे मी फोनवर विचारलं, डोळ्यांनी पाहिलं नाही. तालमीला बासून हे वाद्य वाजवणाऱ्यासमोर ओबो या दुसऱ्याच वाद्याचा पार्ट. तो बिचारा चाळीस मिनिटं कॉफी पीत बसला आणि त्या वेळेचे पैसे मी दिले. तेव्हापासून पार्ट स्वतः मोजते. पत्रकं, खुर्च्या, फुलं दुसऱ्यांवर सोपव. पार्ट आणि तालमीचे तास सोडू नकोस.

आता तिचं मला न पटणारं. ती अध्यक्ष राहिली ती 1961 पर्यंत, तेवीस वर्षं. कुणाला बोलवायचं हे तिच्या हातात, आणि पेपरात लिहायचंही तिच्याच. लहान शहरात माणसं कमी असतात हे मान्य, तरी तुला मी हे करू देणार नाही. वर तिच्या स्वतःच्या रचनांची यादी बघ. नाटकांचं संगीत, एक-दोन सुइट, एक बॅले, थोडं गायन. दर्जा आहे, पण यादी आखूड आहे. बैठकांनी ती खाल्ली असं छातीठोकपणे कोण सांगणार? मला तसं वाटतं, इतकंच. दहा वर्षं आधी सोडलं असतं तर आणखी एखादं पंचक आपल्याला मिळालं असतं, अशी माझी आपली हळहळ.

म्हणून राजीनामा नको, मुदत घाल. तीन वर्षं, आणि ती पुढच्या सभेत इतिवृत्तात लिहून घे, म्हणजे मागे फिरता येणार नाही. सोमवार आणि मंगळवारी दुपारपर्यंत ईमेल उघडायचं नाही. कुणी रागावलं तर माझं नाव सांग, माझ्यावर इथे बरेच जण आधीच रागावलेले आहेत.

रविवारी ये. पंचकाची स्वरलिपी काढून ठेवते. तुझ्या रचनेचा दुसरा भाग अर्धवट असला तरी घेऊन ये, आणि हॉर्नचा पार्ट वेगळा लिहून आण. मागच्या वेळी मला तो वाचताच आला नाही.

तुझी,
मावशी