डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या पात्रं रंगवून खेळायच्या खेळात सराईचं भाडं आणि राहणीमानाचा खर्च, दोन्ही वेगवेगळे घ्यायचे का?

नाही, तो दुहेरी खर्च होतो. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांत राहणीमानाच्या दरातच निवारा, खाणंपिणं आणि सामानाची देखभाल धरलेली आहे. रोजचे दर: गरीब २ चांदीची नाणी, साधं १ सोन्याचं, आरामदायी २, श्रीमंती ४. १ सोन्याचं म्हणजे १० चांदीची.

साध्या सराईची खोली ५ चांदीची, दिवसाचं जेवण ३. बेरीज ८, म्हणजे साध्या राहणीमानाच्या दरापेक्षा २ च कमी. वाटेत एखाद-दोन रात्री मुक्काम असेल तर हे सुटे दर लावा. शहरात आठवडाभर तळ ठोकला तर राहणीमान. चौघांचे ७ दिवस साधेपणाने म्हणजे २८ सोन्याची, एकदाच वजा करायची. प्रत्येक भाकरीचा हिशेब मांडत बसलात तर खेळ किराण्याची वही होतो.

फावल्या काळात पात्र आपला व्यवसाय करत असेल तर साधं राहणीमान फुकट. पहिल्या-दुसऱ्या पातळीवर हा खर्च खरंच बोचतो. पाचवीनंतर कोणाला जाणवतही नाही, तेव्हा तो खुशाल सोडून द्या. मात्र गटाने गरीब राहणी निवडली, तर खेळ चालवताना चोर-उंदीर दाखवायला विसरू नका, नाहीतर सगळे कायम स्वस्तातच राहतील.