कपात करताना कंपन्या वय बघतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वडील ५३ वर्षांचे, अंधेरीतल्या एका खासगी कंपनीत १९ वर्षं झाली, आता कपातीत नाव आलंय आणि राजीनामा द्यायला सांगितलंय. घरातले म्हणतात कामात कमी पडले असतील, वडील म्हणतात वय झालं म्हणून नारळ देतायत. खरं कोणाचं?

वडिलांचं खरं असण्याची शक्यता मला जास्त वाटते. मी मुंबईत वीसहून अधिक वर्षं एचआरमध्ये काढली आणि कपातीच्या याद्या तयार होताना जवळून बघितल्या आहेत. ‘याचं वय झालं, याला काढा’ असं वाक्य मी एकदाही ऐकलं नाही. तरीही यादी पूर्ण झाली की पंचेचाळिशीच्या पुढची माणसं तिच्यात भरलेली असायची. हे कसं होतं ते सविस्तर सांगते, म्हणजे वडिलांच्या बाबतीत काय झालं असेल याचा अंदाज तुम्हालाच करता येईल.

वरून आकडा येतो तो बहुतेक वेळा पैशांचा असतो. या विभागाच्या पगाराच्या खर्चातून वर्षाला इतके कोटी कमी करा. मग एक एक्सेल शीट निघते. एम्प्लॉयी कोड, नाव, बँड (म्हणजे पगाराची श्रेणी), रुजू झाल्याची तारीख, जन्मतारीख, सीटीसी (कंपनीला त्या माणसावर वर्षाला येणारा एकूण खर्च), मागच्या तीन वर्षांचं रेटिंग. मीटिंगच्या आधी कोणीतरी अनुभवी माणूस जन्मतारखेचा कॉलम काढून टाकायला सांगतो. उद्या कोणी विचारलंच तर आम्ही वय बघितलं नाही असं म्हणता यावं म्हणून. मग शीट सीटीसीप्रमाणे लावतात, मोठा आकडा सगळ्यात वर. आता वरची नावं कोणाची येणार? जो माणूस एकाच कंपनीत पंधरा-वीस वर्षं टिकला आणि दरवर्षी थोडी थोडी वाढ घेत गेला, तो त्याच्या बँडमध्ये वर असणारच. जन्मतारीख काढली तरी रुजू झाल्याची तारीख तिथेच असते, आणि २००५ साली लागलेला माणूस आज साधारण किती वर्षांचा असेल हे सगळ्यांना कळतं.

घरातले ज्या ‘कामगिरी’बद्दल बोलतायत त्या रेटिंगचंही ऐका. बेल कर्व्ह, म्हणजे वरची, मधली, खालची रेटिंग्ज किती जणांना द्यायची याचं ठरलेलं प्रमाण, लावला की प्रत्येक मॅनेजरला वरची रेटिंग्ज मोजकीच देता येतात. ती तो कोणाला देतो? ज्याचं प्रमोशन यंदा करून घ्यायचंय त्याला, आणि जो सोडून जाईल अशी भीती वाटते त्याला. पन्नाशीच्या माणसाचं प्रमोशन बहुधा थांबलेलं असतं आणि तो कुठे जाणार नाही हेही सगळे धरून चालतात. म्हणून तो उत्तम काम करत असला तरी त्याला मधलं रेटिंग मिळतं. दोन-तीन वर्षं असं झालं की कागदावर तो ‘साधारण’ ठरतो. पुढे कपातीच्या वेळी तोच कागद पुरावा म्हणून समोर येतो. वडिलांच्या अप्रेझलमध्ये मधले आकडे असतील तर त्यावरून ते कमी पडले असा निष्कर्ष काढू नका.

त्यानंतर चर्चा. तिथे वय कुठेही नसतं, पण सगळं बोलणं वयाचंच असतं. ‘नवीन सिस्टीम उचलतील का?’ ‘आता ते जरा सेट झालेत.’ तेच रेटिंग असलेल्या चौतिशीच्या माणसाबद्दल ‘त्याला अजून वाव आहे’ किंवा ‘त्याने नुकतंच ठाण्यात घर घेतलंय, राहू दे’. आणि एक वाक्य तर मी वेगवेगळ्या कंपन्यांत ऐकलंय: ‘त्यांची मुलगी लागली असेल ना नोकरीला, त्यांना फारसं जड जाणार नाही.’ बोलणाऱ्याला यात दया वाटते. खरं तर त्या माणसाच्या डोक्यावर कर्ज आहे का, घरी आजारी आईवडील आहेत का, हे त्या खोलीत कोणालाच माहीत नसतं. माहीत असतं ते फक्त वय, आणि बाकीची गोष्ट त्यावरून रचली जाते. मला या वाक्याचा फार राग येतो.

कंपन्यांचं ठरलेलं उत्तर असं की प्रश्न पगाराचा आहे, वयाचा नाही. हे अगदीच पोकळ नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली हेझन पेपर विरुद्ध बिगिन्स या खटल्यात असा फरक केला होता. ६२ वर्षांच्या माणसाला पेन्शनचा हक्क लागू होण्याच्या काही आठवडे आधी काढलं होतं. न्यायालयाचं म्हणणं असं पडलं की नोकरीची वर्षं आणि वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेन्शन वाचवायला काढणं बेकायदा असू शकेल, पण तेवढ्यावरून वयाचा भेदभाव सिद्ध होत नाही. तत्त्व म्हणून मला हे समजतं. पण प्रश्न खरंच पगाराचा असेल तर त्या माणसाला एकदा विचारायला काय हरकत आहे? ‘वीस टक्के कमी घेऊन राहाल का?’ हा प्रश्न मी क्वचितच विचारला गेलेला बघितला. ‘कमी पगारावर माणूस नाराज राहतो’ असं म्हणून विषय संपवतात. विचारलंच नाही तर पगाराचं कारण पुरतं खरं मानायला मी तयार नाही.

आणि भरतीच्या जाहिराती बघा. आपल्याकडे ‘वयोमर्यादा ३५’ असं सरळ छापतात, कोणाला त्यात गैर वाटत नाही. नोकरीच्या वेबसाइटवर उमेदवार चाळताना वयाचा फिल्टर लावतात. माणूस घेताना जे उघडपणे बघितलं जातं ते माणूस काढताना कोणाच्या मनातही येत नाही, हे कसं पटावं? शिवाय यातूनच खरी जखम होते. चौतिशीच्या माणसाची नोकरी गेली तर तीन-चार महिन्यांत काहीतरी मिळतं. ५३ व्या वर्षी गेली तर कॉल येतच नाहीत, आणि आलेच तर ‘तुम्ही या जागेसाठी जरा सीनियर आहात’.

कायद्याचं म्हणाल तर खासगी कंपनीने वयावरून भेदभाव करू नये असं सांगणारा स्वतंत्र कायदा भारतात नाही. राज्यघटनेच्या १५ व्या कलमात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान आहे, वय नाही. सरकारी मालकीच्या संस्थेविरुद्ध समानतेच्या १४ व्या कलमाचा आधार घेता येतो. १९८१ चा एअर इंडियाच्या हवाई सुंदरींचा खटला मुंबईतल्या जुन्या लोकांना आठवत असेल. पस्तिशीला निवृत्ती, आणि पुढची मुदतवाढ व्यवस्थापकीय संचालकाच्या मर्जीवर. सर्वोच्च न्यायालयाने ती बेलगाम मर्जी आणि पहिल्या गरोदरपणी नोकरी संपवणारी अट रद्द केली. खासगी कंपनीला हे लागू पडत नाही. अलीकडचं उदाहरण २०१९ चं, एमटीएनएल या सरकारी टेलिफोन कंपनीतल्या स्वेच्छानिवृत्तीचं. तिथे ५० वर्षं पूर्ण ही अट उघड लिहिलेली होती. पण ती योजना ऐच्छिक होती आणि तिच्यात पैसे होते, म्हणून मी ती या पंगतीत बसवत नाही.

अमेरिकेत १९६७ पासून चाळिशीच्या पुढच्यांना संरक्षण देणारा कायदा आहे, आणि त्यातल्या १९९० च्या दुरुस्तीची एक तरतूद मला फार मोलाची वाटते. सामूहिक कपातीत दावा सोडून देण्याच्या कागदावर सही घ्यायची असेल, तर चाळिशीच्या पुढच्या माणसाला विचार करायला किमान ४५ दिवस द्यावे लागतात, सहीनंतर ७ दिवसांत ती मागे घेता येते, आणि विभागातल्या कोणत्या पदांचे, किती वयाचे लोक निवडले व कोणते ठेवले याची यादी हातात द्यावी लागते. यादी दिसली की बोलायला जागा मिळते. आयबीएमच्या बाबतीत प्रोपब्लिका या शोधपत्रकारिता संस्थेने २०१८ मध्ये अंदाज मांडला की पाच वर्षांत अमेरिकेतल्या चाळिशीपुढच्या सुमारे २०,००० लोकांना घालवलं, म्हणजे तिथल्या कपातीच्या साधारण ६० टक्के. २०२० मध्ये तिथल्या समान रोजगार संधी आयोगालाही भेदभाव झाल्याचं मानायला वाजवी कारण दिसलं. कंपनीने आरोप नाकारले. सांगायचा मुद्दा एवढाच की असं घडतं हे तिथे कागदावर दिसू शकतं. आपल्याकडे कागदच तयार होत नाही, कारण माणूस ‘स्वतःहून राजीनामा’ देऊन जातो.

आता तुमच्या कामाचं. आपला जुना कामगार कायदा उलट जुन्या माणसाच्या बाजूचा होता. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ‘शेवटी आला तो आधी जाईल’ असा नियम होता. तो मोडायचा तर कारण लिहून ठेवावं लागे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली, तिच्यातही हा नियम राहिला आहे. शिवाय कपात केली तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षासाठी १५ दिवसांचा सरासरी पगार. पण यातून सुटायच्या दोन वाटा कंपन्यांना पाठ आहेत. पहिली, राजीनामा: कायद्याच्या भाषेत मग ती कपातच राहत नाही, नुकसानभरपाई नाही आणि क्रमाचा नियमही नाही. दुसरी, हुद्दा: व्यवस्थापकीय काम करणाऱ्याला कामगार धरत नाहीत, म्हणून व्हिजिटिंग कार्डावर ‘मॅनेजर’ छापायचं. मात्र न्यायालयं कार्ड बघत नाहीत, प्रत्यक्ष काम बघतात. वडिलांच्या हाताखाली कोणी आहे का? ते कोणाची रजा मंजूर करतात का, कोणाचं अप्रेझल लिहितात का? दिवसभर हिशेब जुळवणं आणि रिपोर्ट पाठवणं हेच काम असेल तर हुद्दा काहीही असो, कामगार कायद्याचा चांगला वकील गाठा. वांद्रे-कुर्ला संकुलात कामगार भवन आहे, कामगार आयुक्तांचं कार्यालय तिथेच.

प्रत्येक वयस्कर माणूस वयामुळेच जातो असं मी म्हणणार नाही. आख्खं युनिट बंद होतं तेव्हा पंचविशीचे आणि पन्नाशीचे एकाच दिवशी अॅक्सेस कार्ड परत करतात. काही लोक बोलावूनही ट्रेनिंगला बसत नाहीत, तेही मी बघितलंय. वडिलांच्या बाबतीत तीन गोष्टी तपासा. त्यांचं काम खरंच बंद झालं की दुसऱ्या कोणाकडे दिलं, आणि तो किती वर्षांचा आहे? नवीन सिस्टीम आली तेव्हा शिकायला त्यांना बोलावलं होतं का, की तरुणांनाच पाठवलं? आणि यादीत त्यांच्याबरोबर कोण कोण आहे? जुनी मंडळी एकमेकांना ओळखून असतात, वयं कळायला वेळ लागत नाही. काम चालू असेल, शिकायला बोलावलं नसेल आणि यादीत सगळे पंचेचाळीसच्या पुढचे असतील, तर मला तरी शंका राहणार नाही.

सगळ्यात निकडीचं हे की त्यांनी अजून सही केली नसेल तर त्या खोलीत बसून करू नये. टाईप केलेला राजीनामा पुढे सरकवतात, ‘आजच केलंत तर पॅकेज, नाहीतर टर्मिनेशन, मग पुढच्या कंपनीच्या व्हेरिफिकेशनमध्ये अडचण’ असं गोड आवाजात सांगतात. वडिलांनी शांतपणे म्हणावं, ‘मला हे मेलवर पाठवा, घरी वाचून कळवतो.’ तो मेल हाच पहिला पुरावा. नाहीच पाठवला तर वडिलांनी त्याच संध्याकाळी स्वतः मेल करावा: आज अमुक वाजता मला राजीनामा द्यायला सांगण्यात आलं, मी तो स्वेच्छेने देत नाही. अप्रेझलची पत्रं, पगाराच्या स्लिपा, नेमणूकपत्र या स्वतःच्या कागदांच्या प्रती लॅपटॉप परत करायच्या आधीच काढून घ्याव्यात. कंपनीची गोपनीय फाइल मात्र एकही घेऊ नये, त्यावरून उलटा ठपका ठेवतात.

पॅकेजचा आकडा सांगतील त्यात ग्रॅच्युइटी धरली आहे का ते विचारा. ग्रॅच्युइटी पाच वर्षांनंतर राजीनामा दिला तरी मिळते, ती मेहेरबानी म्हणून पॅकेजमध्ये मोजू देऊ नका. मेडिक्लेमचंही आत्ताच बघा, शेवटच्या दिवसानंतर नको. ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय असते, पण मागणी आधी करावी लागते. वडिलांना शुगर किंवा बीपी असेल तर नव्याने घेतलेल्या पॉलिसीत त्यासाठी काही वर्षं थांबावं लागू शकतं.

आणि घरात ‘कमी पडले असतील’ हे बोलणं आजच थांबवा. हे वाक्य कंपनी त्यांना ऐकवणारच आहे. घरातूनही तेच कानावर पडलं तर माणूस पॅकेजवर घासाघीस न करता मुकाट्याने सही करून येतो. असे बरेच जण माझ्यासमोर सही करून गेलेत. तुम्ही वडिलांबरोबर वकिलाकडे जा, बाहेर थांबू नका, आत बसा. कंपनीने नेमकं काय लेखी दिलंय ते इथे लिहा, नावं झाकून. मी वाचून सांगेन.