कॅनोला तळणीत मासळीसारखा वास येतो, त्यात इरुसिक आम्लाचा दोष नाही

कॅनोला (म्हणजे रेपसीड) तेल दुसऱ्यांदा तापवलं की मासळीसारखा वास, आणि त्यावर कुणीतरी धाडलेला 'हृदयाला घातक' मेसेज. तुमची ही तक्रार जुनी ओळखीची. आमच्या वेळी तेल कंपनीच्या ग्राहक कक्षाचं उत्तर एकच असायचं, 'आमचे तेल शुद्ध आहे.' अहो, शुद्ध आहेच! वास का येतो ते सांगा ना. म्हणून सविस्तर लिहितोय.

'हृदयाला घातक' म्हणतात ते रेपसीडमधल्या इरुसिक आम्लाला (हे एक मेदाम्ल), पण ती भीती जुन्या वाणांची. ते ४० टक्क्यांच्या वर असायचं. १९७० च्या दशकात कॅनडात नवे वाण आले, आणि कॅनोला म्हणायचं तर ते २ टक्क्यांच्या आतच हवं. हा विषय इथेच सोडा.

वास येतो तो अल्फा-लिनोलेनिक आम्लामुळे, म्हणजे ज्या ओमेगा-३ साठी आपण हे तेल घेतो त्याच्यामुळेच. ते साधारण ९ ते १० टक्के असतं. त्याच्या रेणूत तीन दुहेरी बंध, त्यामुळे उष्णता आणि हवा लागली की ते सगळ्यात आधी तुटतं आणि अल्डिहाइड्स नावाची वासाची संयुगं सुटतात.

खरा घात होतो तो उरलेल्या तळणीच्या तेलात ताजं तेल ओतल्याने. काटकसर वाटते, पण जुन्या तेलातली पेरॉक्साइड्स (हवेने तेल खराब होताना बनणारी संयुगं) नव्या तेलालाही नासवायला लागतात, आणि सुटं मेदाम्ल असल्याने धूरही लवकर निघतो. तळाशी जळका चुरा असेल तर आणखी लवकर. मी तर म्हणेन, उरलेलं तेल गार झाल्यावर गाळा, झाकून अंधारात ठेवा, एकदा परतायला वापरा आणि संपवा. फेस बसत नसेल, तेल चिकट झालं असेल तर तेवढंही नको. तळताना १७० ते १८० अंश पुरे. धूर निघेपर्यंत तापवू नका. कोल्ड-प्रेस्ड (न तापवता दाबून काढलेलं) तर तळणीला मुळीच नको, त्याला रिफाइंडपेक्षा कमी तापमानाला धूर सुटतो. वारंवार तळायचंच असेल तर हाय-ओलेइक वाण (ज्यात ओलेइक हे टिकाऊ मेदाम्ल जास्त असतं) शोधा. त्यात हे ओमेगा-३ बरंच कमी असतं. म्हणजे टिकाऊपणा मिळतो, पोषण थोडं जातं.

पोषणाचं म्हणाल तर एका मोठ्या चमच्यात (१४ ग्रॅम) सुमारे १२४ कॅलरी, संतृप्त मेद जेमतेम १ ग्रॅम, ओमेगा-३ साधारण १.३ ग्रॅम. शरीर त्यातलं फारच थोडं ईपीए-डीएचएमध्ये (माशांत मिळणारी ओमेगा-३ ची रूपं) बदलतं, तेव्हा माशांची जागा हे तेल घेत नाही. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न-औषध नियामक संस्था) २००६ मध्ये रोज १९ ग्रॅम कॅनोला तेलाबाबत हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो असं म्हणायला परवानगी दिली, पण सशर्त: संतृप्त मेदाच्या बदल्यात, आणि एकूण कॅलरी न वाढवता. लोक नेमकी हीच अट गाळतात आणि लोण्यावर वरून आणखी तेल घेतात.

मी डॉक्टर नाही. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) चालू असेल तर तेल अचानक बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा, यात थोडं व्हिटॅमिन के असतं आणि त्याने या औषधाचा परिणाम बदलू शकतो. आणि हो, पारदर्शक बाटली शेगडीशेजारी ठेवू नका. न तापवताही खवट होईल.