स्ट्रॅडलवर रेझ किती?

प्रश्न : कोजागरीला आम्ही सात मित्र पैसे न लावता, नुसत्या चिप्सवर नो-लिमिट टेक्सास होल्डेम हा पोकरचा प्रकार खेळतो. ब्लाइंड, म्हणजे दोघांनी आधीच भरायच्या चिप्स, ५ (स्मॉल) आणि १० (बिग) चे असतात. यंदा बिग ब्लाइंडच्या डावीकडे बसलेल्याने पाने वाटण्यापूर्वीच २० चा स्ट्रॅडल लावला. पुढच्याने रेझ म्हणून, म्हणजे रक्कम वाढवत, ३० ठेवले, तेव्हा दुसरा म्हणाला की किमान ४० हवेत. मसाला दूध गार झाले तरी वाद मिटला नाही. नंतर तशाच एका डावात, २० च्या स्ट्रॅडलवर एकाने ६० केले आणि त्याच्या डावीकडच्याने उरलेल्या सगळ्या ८५ चिप्स पुढे सारल्या. अशा वेळी ६० वाल्याला पुन्हा रेझ करता येते का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्याकडे बहुतेकांचा हात तीन पत्तीवर बसलेला असतो आणि तिथे ब्लाइंड म्हणजे पाने न पाहता चाल करणे. पोकरमधले स्मॉल आणि बिग ब्लाइंड मात्र ठरलेल्या जागेवर बसल्यामुळे सक्तीने भरावे लागतात. स्ट्रॅडल हा या दोहोंच्या मधला प्रकार आहे, कारण तो लावण्याची सक्ती नसते, पण तो पाने हातात येण्यापूर्वीच लावावा लागतो. तो साधारणपणे बिग ब्लाइंडच्या दुप्पट असतो, आणि फ्लॉपपूर्वीच्या, म्हणजे टेबलावर पहिली तीन पाने उघडण्याआधीच्या, फेरीत शेवटी बोलण्याचा हक्क बिग ब्लाइंडकडून स्ट्रॅडल लावणाऱ्याकडे जातो. सर्वांनी नुसता कॉल केला, म्हणजे तेवढ्याच चिप्स भरल्या असल्या, तरी तो रेझ करू शकतो.

वादाचे मूळ एवढेच की किमान रेझ मोजताना एकूण रक्कम नव्हे, तर त्या फेरीत आधी झालेली सर्वांत मोठी वाढ पाहायची असते. समजा फ्लॉपनंतर कोणी ६० ची बेट लावली आणि पुढच्याने २०० केले, तर वाढ १४० ची झाली; म्हणून तिसऱ्याला किमान ३४० करावे लागतात. ‘दुप्पट करा’ या ऐकीव नियमाने लोक इथे ४०० मागतात, ते चूक आहे.

आता स्ट्रॅडलला १० वरून २० वर नेणारी रेझ मानले, तर वाढ १० ची ठरते आणि ३० चालतात. त्याला नवा, मोठा ब्लाइंड मानले, तर वाढ २० ची ठरते आणि किमान ४० लागतात. दोन्ही हिशेब आपापल्या जागी सुसंगत आहेत, पण बऱ्याच कार्डरूममध्ये दुसरा चालतो आणि मलाही तोच पटतो, कारण पाने पाहण्याआधी ठेवलेल्या चिप्सना कोणावर केलेली रेझ म्हणणे ओढूनताणून वाटते. मात्र हा त्या त्या जागेचा नियम असतो, त्यामुळे पणजीला मांडवीतल्या एखाद्या कॅसिनोत बसलात, तर पहिल्या डावापूर्वीच डीलरला विचारून घ्यावे. स्पर्धांमध्ये स्ट्रॅडल नसतोच. फ्लॉपनंतर किमान बेट सहसा पुन्हा बिग ब्लाइंडइतकी, म्हणजे तुमच्याकडे १० होते. स्ट्रॅडलचे २० पुढच्या फेऱ्यांना लागू राहत नाहीत.

आता ८५ चे. स्ट्रॅडलला नवा ब्लाइंड मानो वा न मानो, ६० करणाऱ्याची वाढ ४० ची होती. ऑल-इन करणाऱ्याने, म्हणजे सगळ्या चिप्स लावणाऱ्याने, त्यावर फक्त २५ वाढवले, म्हणजे ही पूर्ण रेझ झाली नाही. त्यामुळे मध्ये दुसऱ्या कोणी पूर्ण रेझ केली नसेल, तर ६० वाल्याला उरलेले २५ भरता येतात किंवा पाने टाकता येतात. पुन्हा रेझ करता येत नाही, कारण त्याची पाळी एकदा होऊन गेली आहे. ज्यांची पाळी अजून आलेली नाही, त्यांना मात्र ती मुभा आहे आणि त्यांची किमान रेझ ८५ अधिक ४०, म्हणजे एकूण १२५ ची होईल. ऑल-इन निदान १०० चे असते, तर ६० वाल्यालाही पुन्हा वाढवता आले असते.