मुलाला पहिल्यांदा दंतवैद्याकडे नेताना

आपले मूल अडीच वर्षांचे आहे आणि दुखणे काहीच नाही, तर घाई कशाला, असे आपल्याला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पहिला दात आल्यापासून सहा महिन्यांत, निदान पहिल्या वाढदिवसापर्यंत, एकदा दाखवून यावे असे बालदंतवैद्य सांगतात. दुधाचे दात पडणारच आहेत हा युक्तिवाद मीही केला होता. मात्र त्यांतील दाढा 10 ते 12 वर्षांपर्यंत टिकाव्या लागतात आणि त्या किडून लवकर काढाव्या लागल्या, तर शेजारचे दात सरकून कायमच्या दातांची जागा अडवतात.

वेळ शक्यतो सकाळची घ्यावी, कारण झोपेला आलेले मूल कोणाचेच ऐकत नाही. घरून निघताना ‘अजिबात दुखणार नाही’ असे मुळीच सांगू नये; दुखण्याचा विचारही नसलेल्या मुलाच्या मनात तो आपणच पेरतो. ‘डॉक्टरकाका तुझे दात मोजणार आहेत’ एवढे पुरे. ‘त्रास दिलास तर सुई टोचतील’ ही आजी-आजोबांची लाडकी धमकी आधीच बंद करावी.

माझ्या मुलीने खुर्चीत बसायला साफ नकार दिला, तेव्हा डॉक्टर माझ्यासमोर गुडघ्याला गुडघे लावून बसले आणि माझ्याकडे तोंड करून बसलेल्या तिला मागे झुकवून तिचे डोके त्यांनी आपल्या मांडीवर घेतले. ती रडली खरी, पण रडताना तोंड उघडेच राहिल्याने तपासणी मिनिटभरात उरकली.

रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवत असाल, तर तेही डॉक्टरांना न संकोचता सांगावे. पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढीच घ्यावी.